मापवहीतली सायकल

बुधवार, ११ मार्च. सकाळी धुकं, नऊनंतर ऊन. दूध पाऊण तास उशिरा. करड्या पँटची तुरपाई एका पायाला सुटली होती. सहा वाजता, चहाआधी घातली. मास्तर सायकल बघायला गेले, मी बरोबर. तीन पाहिल्या, एकही घेतली नाही, चौथी मागवली. गुडघ्याचं मलम संपत आलं.

एवढं लिहून अक्काने वही मिटली. मास्तर तिचा धाकटा भाऊ, पण वहीत ती त्याला अहो-जाहो करी. तोंडावर मात्र अरे-तुरे. वही लिहायची सवय शाळेतली. त्यांचे वडील कॉन्व्हेंटचे गणवेश शिवायचे, त्या बदल्यात मुलीची फी माफ होती. तिथल्या सिस्टरनी तिला दोन गोष्टी शिकवल्या: दिसणार नाही असा बारीक टाका घालायचा, आणि रोज झोपण्याआधी घडलं तेवढंच लिहायचं. मनाला काय वाटलं त्याला वहीत जागा नाही. त्यामुळे त्या दिवशीही एक गोष्ट लिहायची राहिली. दुकानात तिने तोंड उघडायला हवं होतं आणि उघडलं नव्हतं.

मास्तर पंचेचाळीस वर्षं एकाच खोलीत कपडे शिवत बसले. आठ बाय दहाची खोली, कापायचं टेबल, एक पायमशीन आणि मशीनसमोर खिडकी. खिडकीतून दिसायची पलीकडच्या गोदामाची भिंत. "तिच्या विटा मला नावानिशी ओळखतात," ते म्हणायचे. तयार कपड्यांपुढे टिकाव लागेना, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी अडगळीतली जुनी काळी सायकल पुसून बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. परत आले ते लहान मुलासारखे.

"अक्का, थांब्याच्या पुढेही रस्ता आहे गं!"

"मग काय, तिथे जग संपतं असं वाटलं होतं तुला?"

"पंचेचाळीस वर्षं तसंच वाटत होतं," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी सायकल. पाच किलोमीटर डांबर, मग कालव्याच्या बांधावरची मातीची वाट, आणि शेवटी बंद पडलेल्या खाणीकडे जाणारी खडीची चढण. वर पोचलं की खाली तळं दिसतं म्हणे. 'म्हणे', कारण मास्तर तिथवर कधी पोचलेच नव्हते. काळी सायकल डांबरावर गुणी, पण मातीत घसरायची आणि खडी दिसली की अडून बसायची. चढण पायी चढावी तर गुडघे नाही म्हणायचे. मशीनच्या पायपट्टीवर आयुष्य गेल्याने ते बाहेर वळले होते. डॉक्टर म्हणाले होते, चालणं कमी करा, सायकल चालवा. मास्तरांनी ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं जपून ठेवलं. डांबर आणि माती दोन्हीवर चालेल अशी सायकल घ्यायची, आणि तळं बघायचं.

आड आला तो मास्तरांचा मुलगा. तो दुसऱ्या शहरात, चौदाव्या मजल्यावर राहायचा. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन. नवी सायकल म्हटल्यावर त्याने एक अट घातली.

"बाबा, हौस आहे तर घ्या. पण एकच सांगतो. एकदा जरी पडलात, तरी मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार. घराला कुलूप. मग वाद घालायचा नाही. कबूल?"

"कबूल, कबूल," मास्तर म्हणाले. दुकानात जायच्या घाईत त्यांनी जल्लादालाही कबूल म्हटलं असतं.

"आणि आत्या, तू काळजी करू नकोस. तुझीही काहीतरी व्यवस्था बघू आपण."

व्यवस्था! नवरा गेल्यावर ती भावाकडे आली त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. तीन वर्षांनी वहिनीही गेली आणि घरात दोघंच उरली, एक म्हातारा आणि एक त्याहून म्हातारी. हे घर बंद झालं तर भाऊ चौदाव्या मजल्यावर जाईल. आपण कितव्या, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. वहीत तिने लिहिलं: फोन आला. सर्व ठीक.

सायकलच्या दुकानाचा मालक चाळिशीचा, काटकुळा. त्याला सगळे स्पोक्या म्हणत आणि तोही 'ओ' देई.

"या मास्तर, या अक्का! आज कुणाचं लग्न?"

"तोंड आवर. तुझी पहिली हाफपँट मी शिवलीय. काय काय दुरुस्त करावं लागलं होतं ते सांगू का सगळ्यांना?"

"नको, नको. बसा. आधी जायचं कुठे ते सांगा, सायकल मग."

मास्तरांनी रस्ता सांगितला. स्पोक्याने तीन सायकली पुढे ओढल्या. पहिली बारीक टायरची. मास्तरांनी टायर चिमटीत धरून पाहिला, कापड बघतात तसा. "हे मलमल झालं. मातीत पहिल्याच दिवशी फाटेल." दुसरी जाड टायरची, पुढच्या चाकाला शॉक असलेली. त्यांनी ती उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "ही गोधडी. डांबरावर हिला ओढण्यातच जीव जाईल." तिसरी मधली. टायर अंगठ्याएवढा रुंद, त्याला बारीक नक्षी, चढणीसाठी हलका गिअर, हँडल सरळ. मास्तरांनी तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

"हे कापड बरोबर आहे," ते हळूच म्हणाले.

ते सीटवर बसले. पाय जमिनीला टेकले, हात हँडलवर अलगद गेले, पाठ सैल पडली. अक्का बाकावरून बघत होती. कितीतरी दिवसांत तिने त्याला इतकं नीट बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बसली की हो अंगात," स्पोक्या म्हणाला. "ही लहान मापाची आहे. दुकानात हीच एक शिल्लक."

लहान शब्द ऐकला आणि मास्तर खाली उतरले.

"बसायला बरी आहे. पण माझं माप हे नव्हे."

"अहो, बसलात की छान."

"छान बसणं आणि माप असणं यात फरक आहे. गिऱ्हाईक पोट आत घेतं, छाती फुगवतं, टाचा उचलतं. अंग खोटं बोलतं रे, वही बोलत नाही." आणि त्यांनी पिशवीतून मापवही काढली. जुन्या दुकानातली, जाड पुठ्ठ्याची, पहिल्याच पानावर त्यांचं स्वतःचं माप. तारीख वीस वर्षांपूर्वीची. पँटची उंची चाळीस, आतली लांबी तीस.

स्पोक्याने भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवलं. "तीस इंचाला याच्यापुढचं माप येतं खरं. ते मागवावं लागेल. पण मास्तर, एकदा भिंतीला टेकून उभे राहा, मी टेप लावतो. दोन मिनिटांचं काम."

"तू? माझी मापं काढणार?" मास्तर हसले, पण नाकावर राग दिसला. "हे बघ. ही पँट. वहीतल्या मापाने मीच शिवलेली. कुठे लोळते का? कुठे वर चढते का? बघ, बघ, खाली वाकून बघ."

स्पोक्या वाकला. करड्या पँटचं टोक बुटावर नेमकं टेकलं होतं, सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. त्याने हात टेकले. "वहीच खरी म्हणायची."

अक्का बाकावर मागे सरकली. त्या पायाला तिने आजच सकाळी सहा वाजता टाका घातला होता.

गोष्ट चार वर्षांची होती. एकदा शिवणाच्या दुकानाच्या पायरीवर मास्तरांचा पाय स्वतःच्याच पँटमध्ये अडकला. ते सावरले, पायरीला शिव्या घातल्या आणि विसरले. अक्का विसरली नाही. इस्त्री तिच्याकडे होती. तिने पँट लावून पाहिली, ती अर्धं बोट लांब होत होती. पँट काही वाढत नाही. माणूस उतरला होता. गुडघे वाकडे झाले होते, कंबर खाली सरकली होती.

तिला वडील आठवले. ते असेच वाकत गेले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. मग एक दिवस शेजारचा कंपाउंडर सहज म्हणाला, "अहो, तुम्ही फारच वाकलात." झालं. वडील घरात आले ते पुन्हा उंबऱ्याबाहेर गेलेच नाहीत. दीड वर्ष खुर्चीत बसून काढलं आणि गेले. एका वाक्याने माणूस मेला, असं अक्काला कायम वाटत आलं होतं.

म्हणून ती गप्प राहिली. पँट उलटी करून टोक अर्धं बोट आत घेतलं आणि सिस्टरनी शिकवलेला न दिसणारा टाका घातला. मग दुसरी, मग तिसरी. वर्षभराने पुन्हा अर्धं बोट. चार वर्षांत दोन बोटं. आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद, कारण घडलं ते लिहायचं असतं. शिंप्याला आपली पँट उलटी करून बघायची वेळ कधी आली नाही. ती बसत होती, मग कशाला बघेल?

दुकानातून परत येताना ती म्हणाली होती, "त्या लहान सायकलवर बरा दिसत होतास हो."

"बरा दिसायला मी काय बोहल्यावर चढतोय?" मास्तर म्हणाले. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली.

गुरुवारी, सव्वीसला, सायकल आली. हिरवी. स्पोक्याने सीट जाईल तेवढी खाली केली, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "मास्तर, दोन दिवस अंगणात चालवा. मातीला लागली की मला परत घेता येणार नाही." मास्तरांनी दोन दिवस अंगणात चालवली. थांबताना ते पायाच्या बोटांवर उभे राहायचे, हँडलला गाठायला पुढे ओढल्यासारखे व्हायचे. अक्का खिडकीतून बघायची. तिसऱ्यांदा बोलायला गेली तेव्हा ते म्हणाले, "नवा कोटही पहिले चार दिवस टोचतो, अक्का."

शनिवारी ते कालव्यावर गेले. साडेनऊला यायचे ते अकरा वाजले तरी आले नाहीत. अक्काने तीनदा गॅस पुसला. सव्वाअकराला पंपघरावरचा ऑपरेटर आपल्या तीनचाकी टेम्पोतून त्यांना घेऊन आला. मागे सायकल होती, मास्तर चिखलाने माखलेले, आणि उजवं मनगट सुजून टम्म.

"पाणी सोडायचं दार आहे ना, तिथे वाट अरुंद होते," ऑपरेटर सांगत होता. "समोरून म्हैस आली. यांनी ब्रेक लावला तो बरोबर लावला. पाय टेकवायला गेले आणि पाय टेकलाच नाही. तसेच आडवे. नशीब समजा, शेताकडे पडले. कालव्याकडे पडले असते तर..."

"चहा घ्या," अक्का म्हणाली. पुढचं तिला ऐकायचं नव्हतं.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. पट्टी बांधली, तीन आठवडे हात हलवायचा नाही. घरी येऊन मास्तर मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. मशीनवर झाकण होतं. सायकल दाराशी उभी होती, तिला खरचटलंही नव्हतं.

"सायकल चांगली आहे," ते म्हणाले. "माप बरोबर, कापड बरोबर. मीच संपलो, अक्का. उद्या त्याचा फोन आला की सांगतो, ये म्हणून. शब्द दिलाय मी."

"अरे, एकदा पडलास तर..."

"पाय टेकत नाही मला. स्वतःच्या मापाच्या सायकलवर पाय टेकत नाही. याला काय म्हणायचं दुसरं?"

आणि ते तसेच बसून राहिले. खुर्ची वेगळी होती, पण बसणं अक्काने ओळखलं. ते वडिलांचं होतं. जे टाळायला तिने चार वर्षं दोरा ओवला, तेच तिच्या दोऱ्याने घरात आणून बसवलं होतं.

रविवारी सकाळी नऊला ती चार वह्या घेऊन त्यांच्यापुढे बसली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"ऐक. मधे बोलू नकोस. 'नऊ जून. मास्तरांच्या दोन पँटी अर्धं बोट आत घेतल्या.' हे चार वर्षांपूर्वीचं. 'तीन ऑगस्ट. निळी आणि तपकिरी, अर्धं बोट.' पुढच्या वर्षीचं. 'वीस मे. पाचही पँटी, अर्धं बोट. त्यांच्या लक्षात नाही.' आणि हे..."

"थांब," मास्तर म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने पायातल्या पँटचं टोक उलटं केलं. आत जुन्या घड्यांच्या पांढुरक्या रेषा होत्या, एकीखाली एक. त्यांनी त्या बोटाने मोजल्या. मग टाक्यावर नख फिरवलं.

"टाका तुझा आहे," ते म्हणाले. "कॉन्व्हेंटचा."

"हो."

"चार वर्षं मी हा टाका घालून गावभर फिरतोय. मी. शिंपी." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "लोकांना सांगत होतो, बघा, खाली वाकून बघा. त्या स्पोक्याला वाकवलं मी! तू तिथेच बसली होतीस. बाकावर."

"बसले होते."

"आणि गप्प?"

"बाबांचं आठवलं. तो कंपाउंडर बोलला, आणि..."

"मी बाबा नाही!" आता मात्र चढला. "तू मला सांगितलं असतंस, माप उतरलंय, तर मी काय खुर्चीत बसलो असतो? अर्धा तास रागावलो असतो आणि ती लहान सायकल घेऊन आलो असतो. माझी कीव केलीस तू. कीव केली की माणूस पडतो, अक्का. शेताकडे पडलो म्हणून बोलतोय."

अक्काने वह्या मिटल्या. दहा वाजले आणि फोन वाजला. फोन दोघांच्या मधे टेबलावर होता. मास्तरांनी डाव्या हाताने बटण दाबलं.

"बाबा, कसे आहात? सायकल कशी आहे?"

"पडलो," मास्तर म्हणाले. "काल. मनगट मुरगळलंय, हाड ठीक आहे."

पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. "बाबा, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं ते लक्षात आहे माझ्या. मी नाही म्हणत नाही. पण मी पडलो तो चुकीच्या मापाच्या सायकलवरून. वहीतलं माप दिलं, अंगाचं दिलं नाही."

"तुम्ही माप चुकलात? काहीतरीच काय!"

मास्तरांनी अक्काकडे पाहिलं नाही. हे तिच्या लक्षात आलं. भाऊ तिचं नाव घेणार नव्हता. इतका रागावूनही घेणार नव्हता. तिने फोन आपल्याकडे ओढला.

"चूक त्याची नाही, माझी आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. तारखांसकट.

मग मुलगा म्हणाला, "आत्या, म्हणजे बाबा खचत चाललेत हे तुला चार वर्षं माहीत होतं? मी दर रविवारी विचारतो, तू म्हणतेस सर्व ठीक. आणखी काय काय ठीक आहे असं?"

त्याचं बोलणं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

"वह्या इथे आहेत," अक्का म्हणाली. "ये आणि वाच. मी काही फाडत नाही."

"शुक्रवारी येतो. वाचतो, डॉक्टरांना भेटतो, मग ठरवू. बाबा, तोवर सायकलला हात लावायचा नाही."

"हात कुठाय लावायला?" मास्तर म्हणाले. "ये तू. पण पेट्या घेऊन येऊ नकोस. मी येणार की नाही ते तू आल्यावर तोंडावर सांगेन."

फोन बंद झाला. मास्तरांनी जेवताना मीठही मागितलं नाही, स्वतः उठून घेतलं. तीन वाजता अक्का स्पोक्याकडे गेली, त्यालाही सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग हसला नाही. मातीला लागलेली सायकल बदलून देता येत नाही, तो म्हणाला. पण ती दुकानात लावून ठेवतो, कुणी उंच गिऱ्हाईक आलं तर बघू. लहानगी अजून आहे. "शुक्रवारपर्यंत कुणाला देत नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

ती परतली तेव्हा पाचही पँटी मास्तरांच्या मांडीवर होत्या. डाव्या हाताने, कात्रीच्या टोकाने, त्यांनी तिचा एक न् एक टाका उसवला होता. पायांची टोकं लोंबत होती. अक्का दारातच थांबली.

"उभी काय राहिलीस? टेप आण."

खुंटीवरची टेप तिने आणली. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. टाचा जुळवल्या, पोट सैल सोडलं, छाती फुगवली नाही. तिने टेप धरली.

"किती?"

"आतली लांबी साडेअठ्ठावीस."

"नीट बघ."

"साडेअठ्ठावीस."

मापवहीचं पहिलं पान उघडून त्यांनी तिच्यापुढे सरकवलं. जुन्या आकड्याखाली तिने नवा लिहिला, तारीख घातली. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. खिडकीतून दाराशी उभी हिरवी सायकल दिसत होती. तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

"आता घाल तुरपाई," ते म्हणाले. "पण इथे, माझ्यासमोर बसून. आणि टाका दिसू दे."

पहिल्या पँटवर त्यांनी तिला दोनदा उसवायला लावलं. तिसरीला काही बोलले नाहीत. राग गेला नव्हता, तो जायला वेळ लागणार होता, आणि शुक्रवार पाच दिवसांवर होता. मात्र त्या खुर्चीतून उठून ते खाली, सतरंजीवर, तिच्या सुईजवळच्या उजेडात येऊन बसले होते.

संध्याकाळी अक्काने वही उघडली.

रविवार, २९ मार्च. दिवसभर ऊन. भाच्याचा फोन, शुक्रवारी येतो. सर्व ठीक नाही, हे सांगितलं. मास्तरांच्या पाचही पँटी साडेअठ्ठावीस केल्या. करडा दोरा संपला.